डोंगरी सायकल जड कां?

डोळ्यांनीं वजन करण्याची संवय मनुष्यास लहानपणींच लागते. कोहळा दिसला कीं दोन्ही हात पुढें होतात. कापसाचें गाठोडें दिसलें कीं एक हात पुरे वाटतो. हा अंदाज बहुधा बरोबर येतो, आणि म्हणूनच जेथें तो चुकतो तेथें ‘वस्तु जड आहे’ एवढेंच न वाटतां ‘आपण फसलों’ असें वाटतें. अलीकडे मध्यम स्थितींतील घरांतून अशी फसगत करणारी एक वस्तु शिरली आहे. तिला माऊंटन बाईक म्हणतात. आम्ही तिला डोंगरी सायकल म्हणूं.

पूर्वीची काळी सायकल वाचकांनीं आठवावी. तिला पुढेंमागें मडगार्ड, साखळीवर बंद पेटी, लोखंडी कॅरियर, दुहेरी पायांचा स्टँड, हँडलावर घंटा आणि चाकाला घासून दिवा पेटविणारा डायनॅमो. एवढा संसार अंगावर वागवून ती १८ ते २२ किलो भरे, आणि ती तितकी भरते याचें कोणास नवल वाटत नसे. नवी डोंगरी सायकल यांतील जवळजवळ कांहींच बाळगीत नाहीं. संन्याशाजवळ सामान नाहीं, तेव्हां त्याला उचलणें सोपें, असा आपला तर्क. पण संन्यासीच अंगानें धिप्पाड निघाला म्हणजे काय होतें याचा अनुभव पहिल्या जिन्यावर येतो.

एका वाचकभगिनींनीं आम्हांस पत्रानें असें विचारलें आहे: दहा वर्षांच्या नातवास डोंगरी सायकल घेऊन दिली. दुकानदारानें ‘अ‍ॅल्युमिनियमची आहे, हलकी आहे’ म्हणून सांगितलें. खालीं ठेवण्यास जागा नसल्यामुळें ती रोज दोन जिने वर न्यावी लागते, व तें काम सुनेच्या वांट्यास आलें आहे. मुलगा महिन्याभरांत कंटाळला. घरांतील वडील मंडळी नातवास आळशी म्हणतात आणि सुनेस कुरकुरी म्हणतात. तेव्हां ही दुकानदाराची लबाडी समजावी, सायकलींतील दोष समजावा, कीं अशी सायकल जडच असते असें समजून गप्प बसावें? पत्र लहान असलें तरी प्रश्न मोठा आहे. कारण त्यांत एका मुलाच्या आणि एका गृहिणीच्या स्वभावाची परीक्षा एका यंत्राच्या वजनावरून चालली आहे. म्हणून उत्तर जरा विस्तारानें देतों.

प्रथम आंकडे. बाजारांतील साधी, लोखंडी सांगाड्याची आणि पुढेंमागें दोन्हीकडे स्प्रिंगा असलेली डोंगरी सायकल १७ ते २० किलो भरते. चांगल्या अ‍ॅल्युमिनियमची व फक्त पुढें स्प्रिंग असलेली १३ ते १५, आणि पुष्कळ पैसे मोजून घेतलेली कार्बनची शर्यतीची १० ते १२ किलो भरते. उलट सडकेवरील शर्यतीची सायकल सात-आठ किलोंत आटोपते. ती याहून फार हलकी करण्याची चढाओढ लागूं नये म्हणून आंतरराष्ट्रीय सायकल-संघानें सन २००० पासून ६.८ किलो ही खालची मर्यादाच घालून ठेविली आहे. लोकांच्या मनांत ‘आधुनिक सायकल हलकी’ हा जो ग्रह आहे, तो या सडकेवरच्या सायकलींची चित्रें पाहून झालेला आहे. डोंगरी सायकल ही त्यांची सख्खी बहीण नव्हे. तिचें कुळ निराळें, तिच्या घरची रीत निराळी.

तिचें माहेर अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांत. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस गोल्डन गेट पूल ओलांडला कीं मरीन परगणा लागतो, आणि तेथें टॅमलपायस नांवाचा सुमारें अडीच हजार फूट उंचीचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुणांस त्या डोंगराच्या मातीच्या वाटांवरून सायकलीनें खालीं सुटण्याचा छंद लागला. सडकेच्या नाजूक सायकली तेथें टिकेनात. तेव्हां त्यांनीं भंगारांतून व अडगळींतून जुन्या, १९३०-४० च्या सुमाराच्या सायकली शोधून काढल्या. श्विन कंपनीनें १९३३ मध्यें जाड, फुगीर टायरांच्या ज्या सायकली काढल्या होत्या त्यांचाच हा वंश. दणकट, बोजड आणि चाळीस पौंडांहूनही भारी. चढ चढण्याचें नांव नको. त्या ढकलीत किंवा मालमोटारींत घालून वर न्यावयाच्या आणि खालीं यावयाचें, असा तो खेळ होता.

फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं पहिली शर्यत लाविली. सुमारें दोन मैलांत तेराशें फूट उतार. म्हणजे दर आठ-नऊ फुटांमागें एक फूट. त्या जुन्या सायकलींना पायडल उलटें दाबलें असतां लागणारा ब्रेक असे, व तो मागच्या चाकाच्या तुंब्यांत बसविलेला असे. उतारावर तो इतका तापे कीं आंतील ग्रीसचा धूर होऊन जाई, आणि खालीं आल्यावर तुंबा उघडून त्यांत पुन्हां ग्रीस भरावें लागे. पुन्हां भरणें याला इंग्रजींत ‘रीपॅक’ म्हणतात. तेंच नांव त्या शर्यतीला व रस्त्याला पडलें. नामकरणाच्या इतिहासांत इतकें प्रामाणिक नांव क्वचितच आढळेल.

पुढें १९७७ मध्यें त्यांच्यांतील जो ब्रीझ नांवाच्या कारागिरानें या कामासाठींच म्हणून नवा सांगाडा जोडला. त्यास क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेलें उत्तम पोलाद वापरलें. ती सायकल आज वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. तिचें वजन सुमारें ३८ पौंड, म्हणजे १७ किलो! ध्यानांत घ्यावें कीं, भंगारांतली नव्हे, तर उत्तम धातूची, जाणत्या हातानें मुद्दाम केलेली पहिली डोंगरी सायकल १७ किलोंची होती. १९७९ मध्यें गॅरी फिशर व चार्ली केली यांनीं ‘माऊंटनबाईक्स’ नांवाचें दुकान थाटलें; सांगाडे टॉम रिची करून देत असे. या जातीच्या सायकलीस सर्वत्र मिळालेलें नांव तें हेंच. १९८१ मध्यें ‘स्टम्पजम्पर’ नांवाची सायकल कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर निघूं लागली, १९९० मध्यें कॉलोराडो प्रांतांतील ड्युरँगो येथें जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती झाल्या, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकांत हा खेळ दाखल झाला. वीस वर्षांत खोडकर पोरांचा उद्योग ऑलिंपिकपर्यंत गेला खरा. पण उतारावरून आदळत येण्याचा मूळ धर्म सुटला नाहीं, आणि वजन त्या धर्मालाच चिकटलेलें आहे.

तें कसें, हें साध्या हिशेबानें दिसतें. स्वार व सायकल मिळून ७५ किलो धरा. तीं दोघें अर्धा मीटर उंचीच्या दगडावरून खालीं आलीं. स्वार खोगिरावर घट्ट बसलेला आहे, आणि टायर वगैरे दबून एकंदर ५ सेंटिमीटर अंतरांत सर्व थांबलें असें समजूं. ५५ सेंटिमीटर पडून मिळविलेला जोर ५ सेंटिमीटरांत जिरवावयाचा, म्हणजे सरासरी आघात वजनाच्या अकरापट, सव्वाआठशें किलोंचा! हा भार दोन चाकांच्या तारा, फोर्क, सांगाड्याचे सांधे आणि स्वाराचा मणका यांनीं मिळून सोसावयाचा. आतां त्याच सायकलीला अशी स्प्रिंग द्या कीं ती आणखी १० सेंटिमीटर दबेल. थांबण्यास १५ सेंटिमीटर मिळालीं. आघात सव्वाचारपटींच्या आसपास उतरला, म्हणजे सुमारें ३२५ किलो. शाळेंतील मुलांस झेल घेतांना हात मागें घ्यावयास शिकवितात त्यांतील तत्त्व हेंच. परंतु झेल घेणाऱ्याला हात फुकट मिळालेले असतात. सायकलीला ते विकत घेऊन अंगावर वागवावे लागतात.

हे विकतचे हात म्हणजे पुढचा स्प्रिंगचा फोर्क. फोर्क म्हणजे पुढील चाक दोन्ही बाजूंनीं धरणारा दुफाटा. सडकेच्या चांगल्या सायकलीचा कार्बनचा फोर्क ४०० ग्रॅमच्या आसपास असतो. हवेच्या दाबावर चालणारा चांगला डोंगरी फोर्क दीड ते दोन किलो. आणि स्वस्त सायकलीला बसविलेला पोलादी नळ्यांचा, गुंडाळीच्या स्प्रिंगचा फोर्क अडीच किलो व कधीं त्याहूनही अधिक. एका अवयवांत दोन किलो गेले! त्यांतही गंमत अशी कीं स्वस्त फोर्कांतील स्प्रिंग पुष्कळदां इतकी ताठ असते कीं लहान मुलाच्या वजनानें ती दबतच नाहीं. मुलगा तिचें वजन वाहतो, ती मुलाचा धक्का वाहत नाहीं.

यानंतर टायर. सडकेचा टायर दोनशें ते तीनशें ग्रॅम. डोंगरी टायर सातशें ग्रॅमांपासून एक किलोपर्यंत. दगडाच्या धारेनें कुशी फाटूं नये म्हणून त्याची बाजू जाड, आणि मातींत पाय रोवतां यावा म्हणून तळाला रबराचीं बोंडें. दोन चाकें मिळून एक-सव्वा किलो येथें वाढला. पूर्वीं या सायकलींचीं चाकें २६ इंची असत. अलीकडे मोठ्या माणसांच्या बहुतेक चांगल्या सायकलींस २९ इंची असतात. नुसत्या रिमेचें माप पाहिलें तरी ५५९ मिलिमीटरांवरून तें ६२२ वर गेलें आहे, म्हणजे परीघ दर शेंकडा अकरांनीं वाढला. त्या मानानें रिम, टायर, ट्यूब, तारा सगळेंच वाढलें. मोठें चाक खड्ड्यांत कमी अडकतें हा त्याचा गुण आहे, पण गुण कांहीं वजनावांचून येत नाहीं. डिस्क ब्रेकाची पोलादी चकती व तिला चावणारा चिमटा यांचें निराळें ओझें. शिवाय तो ब्रेक तुंब्याजवळ लागत असल्यामुळें सगळा ताण फोर्काच्या पायाशीं येतो, आणि तो पाय अधिक जाड करावा लागतो. एक अवयव दुसऱ्याला भारी करतो, दुसरा तिसऱ्याला. एका पाहुण्यासाठीं पंगत वाढावी तसा हा प्रकार आहे.

आतां दुकानदाराच्या ‘अ‍ॅल्युमिनियमची आहे’ या वाक्याकडे वळूं. तें बहुधा खोटें नसतें. मात्र तें सांगाड्यापुरतें खरें असतें. अ‍ॅल्युमिनियमच्या डोंगरी सांगाड्याचें वजन दोन किलोंच्या आसपास भरतें. सायकल पंधरा किलोंची असेल तर सांगाडा तिचा सातवा-आठवा हिस्सा झाला. बाकीचे तेरा किलो कशाचे? पोलादी फोर्क, पोलादी दांडे, पोलादी दातेरी चक्रें, साखळी, खोगिराचा खांब, हँडल, रिमा, तुंबे आणि रबर यांचे. आमच्या न्यायशास्त्रांत या प्रसंगास शोभणारी एक चर्चा आहे. गुरुत्व, म्हणजे वजन, हा गुण पृथ्वी व जल या दोनच द्रव्यांत राहतो, तेजांत राहत नाहीं, असा सिद्धान्त. आणि सुवर्ण तर तैजस मानलेलें. मग सोनें इतकें जड कां? शास्त्रकारांनीं उत्तर दिलें कीं, जडपणा सोन्याचा नव्हे, त्यांत मिसळलेल्या पार्थिव भागाचा. रसायनशास्त्र शिकलेल्यांनीं या उत्तराला हंसावें. परंतु दुकानांतील सायकलीस तें तंतोतंत लागू पडतें. सांगाडा तैजस आहे. वजन सगळें मिसळलेल्या पार्थिव भागाचें आहे, आणि तो भाग कोणता हें दुकानदार सांगत नाहीं.

शिवाय खुद्द अ‍ॅल्युमिनियमचाही हलकेपणा वाटतो तितका सायकलींत उतरत नाहीं. पोलाद पाण्याच्या पावणेआठपटींहून किंचित् जड, अ‍ॅल्युमिनियम २.७ पट, म्हणजे पोलादाच्या तृतीयांश. पण वांकण्यास विरोध करण्याची शक्तिही जवळजवळ तृतीयांशच! तेव्हां पोलादी नळीच्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची नळी घेतली तर ती तिप्पट लवेल. उपाय म्हणून नळी जाड घेरांची करतात. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होतें, पण ताठपणा आठपट होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलींच्या नळ्या हत्तीच्या सोंडेसारख्या दिसतात त्याचें हें कारण. या धातूला आणखी एक खोड आहे. पोलाद ठराविक मर्यादेच्या आंतले लहान आघात विसरून जातें. अ‍ॅल्युमिनियम प्रत्येक आघाताचा हिशेब मनांत ठेवितें आणि लक्षावधि आघातांनंतर एकदम तडकतें. म्हणून शहाणा कारखानदार सांध्यांशीं गरजेपेक्षां जास्त धातु घालतो, आणि डोंगरी सायकलींत तर तो हात मुळींच आंखडता घेत नाहीं. आंतरराष्ट्रीय मानकांतही डोंगरी सायकलीच्या कसोट्या शहरी सायकलीहून कडक ठेविलेल्या आहेत.

पोलाद हलकें करण्याची युक्ति जुनीच आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनीं १८९७ मध्यें अशा नळीचें पेटंट घेतलें कीं जी टोंकांशीं जाड आणि मध्यें पातळ असते. कळकाच्या पेराजवळ जाडी व पेरांच्या मध्यें पोकळी, तसेंच हें. ताण सांध्यांवर येतो, मध्यल्या भागावर कमी. मग तेथें धातु कशाला? परंतु अशी नळी ओढण्यास खर्च येतो, आणि ती पातळ करून टिकावयाची तर पोलादही उंची हवें. स्वस्त सायकलींत साध्या पोलादाची, या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सारख्या जाडीची नळी वापरतात. येथें एक चमत्कारिक गोष्ट लक्षांत येईल. उंची पोलाद व साधें पोलाद यांचें घनफळास घनफळ वजन सारखेंच असतें. महाग सायकल हलकी होते ती हलक्या धातूनें नव्हे, तर धातु कमी वापरण्याची ऐपत आल्यानें. गरीबाच्या सायकलीवर लोखंडाचा बोजा अधिक पडतो, कारण लोखंड हुशारीपेक्षां स्वस्त आहे.

अशा स्वस्त सायकलीला मागें आणखी एक स्प्रिंग लावून दिली म्हणजे तर कळस झाला. तिला सांगाड्यांत एक बिजागर लागतें, मागचा भाग निराळा करावा लागतो, आणि दीड-दोन किलो सहज वाढतात. दिसण्यांत ती मोटारसायकलीच्या थाटाची होते, मुलें तिच्यावरच बोट ठेवतात, आणि बापही ‘एवढ्या पैशांत दोन स्प्रिंगा’ म्हणून खूष होतो. कित्येक अशा सायकलींच्या सांगाड्यावर ‘उड्या मारण्यासाठीं व खडकाळ वाटांसाठीं नव्हे’ अशी बारीक अक्षरांतली सूचना चिकटविलेली असते. डोंगरी म्हणून विकावयाची आणि डोंगरावर नेऊं नये म्हणून बजावावयाचें, याला आमच्या मतें लबाडीच म्हटलें पाहिजे. मग ती कायद्यानें गुन्हा होवो वा न होवो.

छापील माहितीपत्रकांतील वजनाविषयींही दोन शब्द. पुष्कळ कारखानदार तें देतच नाहींत. जे देतात त्यांपैकीं कित्येक पायडलांशिवाय देतात, आणि पायडलांची जोडी तीनशें ते पांचशें ग्रॅम भरते. वजन केलेली सायकल कोणत्या मापाची होती हेंही पाहावें लागतें. लहान मापाची असेल तर मोठ्या मापाची तिच्याहून जड भरणारच. स्टँड, घंटा, कुलूप, पाण्याची बाटली यांचें वजन अर्थातच हिशेबांत नसतें. पत्रकांतील चौदा किलो जिन्यावर साडेपंधरा झाले तर त्यांत भुताटकी कांहीं नाहीं.

मात्र जिन्यावर सोळाही वीस वाटतात, याला निराळीं कारणें आहेत. ऑगस्तँ शार्पांत्ये या फ्रेंच वैद्यांनीं १८९१ मध्यें दाखविलें कीं सारख्याच वजनाच्या दोन वस्तूंपैकीं लहान वस्तु हातास अधिक जड लागते. मनानें जितक्या वजनाची तयारी केलेली असते तिच्याहून प्रत्यक्ष वजन अधिक निघालें कीं तें आहे त्याहूनही अधिक भासतें. उघडी-वाघडी दिसणारी सायकल मनाला आधींच फसवून ठेविते. शिवाय ती अंगाशीं धरतां येत नाहीं. पाण्याची घागर कमरेवर बसते, गव्हाचें पोतें पाठीवर बसतें. सायकल हातभर दूर धरावी लागते, तिचें हँडल अरुंद जिन्यांत कठड्याला अडतें, पुढचें चाक वाटेल तिकडे वळतें, आणि पायडल नडगीवर बसतें. ज्या सूनबाई ती रोज दोन जिने चढवीत आहेत त्या कुरकुरत असतील तर आम्ही त्यांच्या बाजूचे आहों. पंधरा किलोंचें पोतें चढविणें याहून सोपें आहे.

उलट चालवितांना मात्र वजनाचा जाच लोक समजतात तितका नसतो, हें वाचून कित्येकांस आश्चर्य वाटेल. चार किलो जास्तीचें वजन शंभर मीटर उंच चढविण्यास लागणारी शक्ति सुमारें एक किलोकॅलरी. आपलें शरीर खाल्लेल्या अन्नापैकीं चौथा हिस्सा कामास लावतें असें धरलें, तर चार किलोकॅलरी अन्न लागलें. म्हणजे एक ग्रॅम साखर, चहाच्या चमच्याचा चौथा भाग. शंभर मीटर म्हणजे कांहीं लहान टेकडी नव्हे. सपाटीवर तर वजनाचा त्रास याहून कमी. चाकाच्या कडेशीं असलेलें वजन वेग घेतांना दुप्पट मोजावें लागतें हें खरें, परंतु एकदां वेग धरला म्हणजे तोही भेद राहत नाहीं. मग डांबरी रस्त्यावर डोंगरी सायकल ओढल्यासारखी कां चालते? कारण तिच्या टायरांचीं बोंडें दर फेऱ्यांत दबतात व सुटतात, त्यांत हवा कमी भरलेली असते, स्प्रिंग पायाचा जोर खाऊन वरखालीं डुलते, आणि स्वार ताठ बसल्यामुळें वारा छातीवर घेतो. लोक याला ‘सायकल जड चालते’ म्हणतात आणि वजनाला दोष देतात. अपराध्याचा शेजारी पकडावा तशांतला हा न्याय होय.

परंतु हा सगळा हिशेब मोठ्या माणसाचा झाला. मुलाचा हिशेब निराळा, आणि पत्रांतील खरा प्रश्न येथें आहे. दहा वर्षांचें मूल सुमारें तीस किलोंचें असतें. त्याच्यासाठीं घेतलेली दोन स्प्रिंगांची सायकल चौदा-पंधरा किलोंची असेल तर ती त्याच्या वजनाच्या निम्मी झाली. पासष्ट किलोंच्या गृहस्थास साडेबत्तीस किलोंची सायकल देऊन रोज फिरावयास पाठवावें, आणि महिन्यानें तो कंटाळला तर त्यास आळशी म्हणावें, तसें हें आहे. मुलांच्या सायकली कारखानदार मोठ्यांच्याच सायकलीचा आकार लहान करून काढतात. पण नळ्यांची जाडी, दांडे, तुंबे, ब्रेक यांत फारसा फरक करीत नाहींत. त्यामुळें उंची दोन-तृतीयांश होते, वजन होत नाहीं. मूल पडतें, सायकल त्याच्या अंगावर पडते. वळवितांना तोल गेला कीं तिला सांवरण्याचें बळ त्याच्या हातांत नसतें. चढावर तें उतरतें तें पुन्हां बसतच नाहीं. या मुलाला आळशी म्हणण्यापूर्वीं त्याच्या आजोबांनीं काट्याकडे पाहावें अशी आमची त्यांस विनंति आहे.

काटा घरांत नसला तरी माणसें तोलण्याचा काटा शेजारीं असतो. त्यावर आधीं स्वतः उभें राहावें, मग सायकल हातांत उचलून उभें राहावें, आणि वजाबाकी करावी. दुकानांतही हें करण्यास कोणी लाजूं नये. भाजी घेतांना आपण लाजत नाहीं. मुलाची सायकल निवडतांना आम्ही आणखी एक सोपी कसोटी सुचवितों: सायकल जमिनीवर आडवी पाडावी, व ज्यानें ती चालवावयाची त्या मुलानेंच ती, कोणाचा हात न लागतां, उभी करून दाखवावी. त्यास कष्ट पडले तर ती त्याच्यासाठीं नव्हे, रंग कितीही नामी असो.

घेतलेली सायकल टाकून द्यावी असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. पहिली गोष्ट म्हणजे ती वर नेणें बंद करावें. खालच्या बिऱ्हाडकरूंशीं बोलून जिन्याखालीं हातभर जागा व भिंतींत एक कडी मिळविली तर सूनबाईंचें काम संपेल. दुसरें, मुलगा डांबरी रस्त्यावरच फिरत असेल तर बोंडांचे टायर काढून त्याच मापाचे गुळगुळीत टायर घालावेत आणि त्यांत टायरवर लिहिलेल्या मर्यादेंत भरपूर हवा ठेवावी. एवढ्यानेंच चालण्यांत जो फरक पडेल तो कोणत्याही महाग धातूनें पडणार नाहीं. तिसरें, खोगिराची उंची तपासावी. तें फार खालीं ठेवल्यामुळें गुडघे दुखून कंटाळलेलीं मुलें पुष्कळ आहेत. स्प्रिंगचा फोर्क काढून त्या जागीं साधा फोर्क बसविला तर कांहीं सायकलींत एक-दीड किलो सहज कमी होतो. पण नवा फोर्क उंचीनें मूळ फोर्काएवढाच घ्यावा. तो आंखूड असला तर सायकलीचें तोंड खालीं येऊन हँडल अति चपळ होतें, आणि पायडल वळणावर जमिनीला लागण्याचें भय राहतें. दुरुस्तीवाल्यास हें आधीं सांगावें, आणि काढलेला फोर्क परत मागून घ्यावा.